कंपनी विकली, पण गेम कुणाच्या नावावर?

सोलापुरात १९९० च्या दशकात वाढलेल्या माणसाला 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' म्हणून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. 'मुस्तफा' म्हणा, लगेच खुलेल. व्हिडिओ गेम पार्लरच्या अंधारात रुपयाचं कॉइन टाकून, मागं उभ्या असलेल्या पोरांचे सल्ले ऐकत खेळलेला तो टोपीवाला मुस्तफा. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं हा गेम १९९३ मध्ये काढला. आता आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी ना कुणी बातमी टाकतं, की अमुक कंपनीनं तमुक स्टुडिओ, म्हणजे गेम बनवणारी कंपनी, इतक्या अब्ज डॉलरला घेतला. खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "काय बे, मुस्तफा येतोय का परत?"

नाही येत. निदान त्या बातमीमुळे तरी नाही. का येत नाही हे कळलं, तर गेमच्या धंद्यातली निम्मी खरेदी-विक्री कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मुस्तफाचा गेम कॅपकॉमनं बनवला, पण त्यातली माणसं कॅपकॉमची नव्हती. अमेरिकी चित्रकार मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिक्समधून ती परवानगीनं घेतलेली. नावातली 'कॅडिलॅक' तर जनरल मोटर्सची गाडी. म्हणजे प्रोग्रॅम एकाचा, पात्रं दुसऱ्याची आणि नावातला एक शब्द तिसऱ्याचा. २०१८ मध्ये कॅपकॉमनं आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच नव्या मशीनसाठी विकायला काढला. त्यात 'कॅप्टन कमांडो' होता, 'फायनल फाइट' होता, मुस्तफा नव्हता. बरं, हे अशक्य असतं असंही नाही. त्याच साली, १९९३ मध्येच, कॅपकॉमनं मार्व्हलच्या परवानगीनं 'द पनिशर' काढला होता. तोही पंचवीस-तीस वर्षं अडगळीत पडला आणि २०२४ मध्ये मार्व्हलशी नव्यानं व्यवहार जुळल्यावर अधिकृतपणे परत आला. तेव्हा प्रश्न तंत्राचा नसतो, कागदपत्रांचा असतो. आणि कागदावर सही करणाऱ्यांना त्यात पुरेसा पैसा दिसतो की नाही, याचा.

विकत घेतलं म्हणजे काय घेतलं?

बातमीत 'स्टुडिओ विकत घेतला' एवढंच असतं. पण स्टुडिओ ही एक वस्तू नाही. आपल्याकडच्या चादरीच्या कारखान्याचंच घ्या. मालकानं कारखाना विकायला काढला, तर त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, चादरीवरचं लेबल, ज्याच्या नावावर माल खपतो. दोन, जकार्डची पंचकार्डं, म्हणजे भोकं पाडलेले ते पुठ्ठे, ज्यांच्यावरून मागावर मोर किंवा फुलं उमटतात. तीन, माग चालवणारी आणि नक्षी ठरवणारी माणसं. लेबल एकाला, पुठ्ठे दुसऱ्याला विकता येतात. माणसं तर विकताच येत नाहीत, ती पगार वेळेवर मिळतो तोवर थांबतात. नुसतं लेबल घेणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी चादर विणता येणार नाही, आणि लेबल न घेता कारागीर घेणाऱ्याला उत्तम चादर विणता येईल, पण जुन्या नावानं विकता येणार नाही.

गेममध्ये लेबल म्हणजे नाव, पात्रं, कथा यांचे हक्क, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट. पुठ्ठे म्हणजे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, आणि मूळ चित्रं-आवाजांच्या फायली. माणसं म्हणजे माणसंच. या तिघांच्या वाटा कशा फुटतात, याचं माझं आवडतं उदाहरण क्रॅश बँडिकूट आहे.

१९९६ चा हा गेम 'नॉटी डॉग' नावाच्या स्टुडिओनं बनवला. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची ओळखच तो नारिंगी प्राणी झाला होता. २००१ मध्ये सोनीनं नॉटी डॉग विकत घेतला. आता क्रॅश सोनीचा झाला असं कुणालाही वाटेल. पण हक्क मुळात नॉटी डॉगकडे नव्हतेच, ते युनिव्हर्सल इंटरॅक्टिव्हकडे होते. सोनीला माणसं मिळाली, प्राणी नाही. त्या माणसांनी पुढे 'अनचार्टेड' आणि 'द लास्ट ऑफ अस' बनवले, म्हणजे सोनीचा व्यवहार अजिबात तोट्याचा नव्हता. क्रॅश मात्र युनिव्हर्सलकडून विवेंडीकडे गेला, २००८ च्या विलीनीकरणात अ‍ॅक्टिव्हिजनकडे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अख्खी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली तेव्हा तिच्याबरोबर मायक्रोसॉफ्टकडे. कधीकाळी प्लेस्टेशनचा चेहरा असलेलं पात्र आज एक्सबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं आहे. नॉटी डॉगमधल्या कुणाला उद्या नवा क्रॅश बनवावासा वाटला, तर त्यांना मायक्रोसॉफ्टचं दार वाजवावं लागेल.

मायक्रोसॉफ्टचा तो व्यवहार ६८.७ अब्ज डॉलरचा होता. त्या वेळच्या दरानं साधारण पाच लाख सत्तर हजार कोटी रुपये. एवढ्या मोठ्या व्यवहाराला सरकारी परवानग्या लागतात, आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं एप्रिल २०२३ मध्ये आधी नकारच दिला होता. क्लाउडवरून, म्हणजे गेम उतरवून न घेता थेट इंटरनेटवरून, खेळवण्याचे हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीला द्यायचं ठरलं तेव्हा कुठे तो होकारात बदलला. हेही बघण्यासारखं आहे: हक्काचे असे आणखी तुकडे पडतात. कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या मशीनवर, विकायचा एकाकडे, क्लाउडवर दुसऱ्याकडे, मोबाइलवर तिसऱ्याकडे.

नुसत्या लेबलाच्या व्यापाराचा नमुना हवा असेल तर टीएचक्यू बघा. ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तिचे तुकडे लिलावात निघाले. 'डार्कसायडर्स', 'रेड फॅक्शन' वगैरे नावांचा गठ्ठा नॉर्डिक गेम्सनं सुमारे ४९ लाख डॉलरला उचलला. २०१४ मध्ये त्यांनी टीएचक्यू हे नावच घेतलं, आणि २०१६ मध्ये स्वतःचं नाव बदलून टीएचक्यू नॉर्डिक केलं. मेलेल्या कंपनीची पाटी घेणाऱ्याच्या दारावर लागली. गंमत म्हणजे 'डार्कसायडर्स'चा तिसरा भाग २०१८ मध्ये आला तो गनफायर गेम्सकडून, आणि त्या स्टुडिओत पहिले दोन भाग बनवणारी मंडळी होती. लेबल आणि कारागीर वेगवेगळ्या रस्त्यांनी फिरून पुन्हा एका छताखाली आले. असं क्वचित घडतं.

जाता जाता सांगायला हवं, की 'सोलापुरी चादर' या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि कायद्यानुसार असं मानांकन कुणाला विकता येत नाही. गेमच्या नावांना ते कवच नाही.

कोड हरवतो तो असा

आपल्याला वाटतं, कॉम्प्युटरवर बनलेली गोष्ट हरवेलच कशी? हरवते, सर्रास हरवते. गेम बाजारात गेला की स्टुडिओ पुढच्या कामाला लागायचा. फ्लॉपी, टेप, जुन्या हार्डडिस्क कुणाच्या तरी खोक्यात पडायच्या. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये अ‍ॅपल टू कॉम्प्युटरसाठी एकट्यानं लिहिला. त्याचा मूळ कोड हरवला असं ते वर्षानुवर्षं धरून चालले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांना बोलावून, जुनं मशीन जोडून तो कोड उतरवून घेतला आणि मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुला केला.

कोनामीच्या बाबतीत खोकं सापडलं नाही. 'सायलेंट हिल'चे दोन गाजलेले भाग २०१२ मध्ये नव्या रूपात आणताना कोनामीकडे अंतिम कोडच शिल्लक नव्हता. काम करणाऱ्यांना अर्धवट, चुका न सुधारलेला कोड हाती आला. मूळ गेममधलं दाट धुकं नव्या आवृत्तीत विरळ झालं आणि चाहत्यांनी कंपनीला धुऊन काढलं. हक्क होते, पैसा होता, नाव होतं, पण पुठ्ठे गहाळ होते.

म्हणूनच 'परत येतोय' या शब्दांमागे बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पोर्ट म्हणजे तोच गेम नव्या मशीनवर चालेल एवढं करून देणं. रिमास्टरमध्ये सांगाडा जुनाच, रंगरंगोटी नवी. रिमेक म्हणजे पायापासून नवं बांधकाम, जसं कॅपकॉमनं २०१९ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल २'चं केलं. आणि रिबूट म्हणजे पाटी जुनी, आतलं दुकान नवं. किमतीत आणि मेहनतीत यांच्यामध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असतं. जाहिरातीत ते मुद्दामच पुसट ठेवलेलं असतं असा माझा समज आहे.

विकत न घेताही गेम परत येतो, हे विसरू नका. टीव्ही गेमच्या कॅसेटवर आपण सगळ्यांनी खेळलेला 'कॉन्ट्रा' १९८७ पासून कोनामीकडेच आहे. २०२४ चा 'ऑपरेशन गलुगा' मात्र अमेरिकेच्या वेफॉरवर्ड स्टुडिओनं बनवला. नाव कोनामीचं, मजुरी वेफॉरवर्डची. आपल्या त्या 'नऊ लाख नव्याण्णव हजार गेम इन वन' कॅसेटचा यातल्या कुठल्याच कागदाशी संबंध नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

मग एवढा पैसा का ओततात?

भीतीपोटी. त्याच ब्रिटिश नियामकाच्या अहवालात मोठ्या कंपन्यांनी सांगितलं होतं, की पहिल्या फळीतल्या एका गेमचा खर्च आता वीस कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त होतो. म्हणजे साधारण सतराशे कोटी रुपये. काम चालतं चार-पाच वर्षं आणि गेम पडला तर सगळं पाण्यात. अशा वेळी ज्या नावाला आधीच गिऱ्हाईक आहे, ते नाव हाताशी असलं की जरा धीर येतो. त्यात लहानपणी पैशासाठी आईच्या मागं लागणारी पोरं आता चाळिशीत आहेत, कमावती आहेत, आणि आठवणीसाठी दोन हजार रुपये मोजायला तयार आहेत.

हा हिशोब कागदावर इतका गोड दिसतो, की काही जणांनी तो वाजवीपेक्षा जास्त ताणला. स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुपएवढा कुणी नसेल. मघाचा टीएचक्यू नॉर्डिक तो हाच समूह. २०१९ मध्ये त्यानं एम्ब्रेसर हे नाव घेतलं. व्याजदर तळाला होते, शेअर चढत होता. चढलेला शेअर हेच चलन करून आणि उरलेले पैसे 'ठरलेली कमाई झाली तर पुढे देऊ' अशा बोलीवर ठेवून त्यानं शंभरावर स्टुडिओ गोळा केले. 'बॉर्डरलँड्स'वाला गिअरबॉक्स २०२१ मध्ये घेतला, त्याची कमाल किंमत सुमारे १३० कोटी डॉलर ठरली होती. मे २०२२ मध्ये स्क्वेअर एनिक्सकडून 'टूम रेडर', 'ड्यूस एक्स', 'थीफ', 'लेगसी ऑफ केन' ही नावं आणि ती बनवणारे स्टुडिओ मिळून ३० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. तेव्हा सगळे म्हणाले, केवढं स्वस्तात! मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्या किमतीबद्दल अजूनही तसंच वाटतं.

बोलीवरच्या सौद्यातली मेख अशी, की वाढ थांबली की बोली अंगावर येते. व्याजदर वाढले, करोनाच्या काळात घरी बसून खेळणारे लोक कामाला लागले. मे २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलरची एक मोठी भागीदारी शेवटच्या क्षणी फिसकटली आणि एम्ब्रेसरचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास कोसळला. पुढच्या महिन्यात काटछाट जाहीर झाली. 'सेंट्स रो' बनवणारा व्होलिशन हा १९९३ पासूनचा स्टुडिओ ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केला. गिअरबॉक्स, काही भाग स्वतःकडे ठेवून, २०२४ मध्ये टेक-टू या अमेरिकी गेम कंपनीला ४६ कोटी डॉलरला विकला. १३० कोटींपर्यंत जाणारा माल ४६ मध्ये.

आणि याच पडझडीत जुने गेम परत येत होते, हे लक्षात घ्या. जानेवारी २०२४ मध्ये, स्क्वेअर एनिक्सकडून घेतलेल्या स्टुडिओंपैकी एक असलेल्या आयडॉस मॉन्ट्रियलमधून ९७ जणांना काढलं. फेब्रुवारीत 'टूम रेडर'च्या पहिल्या तीन भागांचं रिमास्टर बाजारात आलं. ते एम्ब्रेसरच्याच अ‍ॅस्पायर स्टुडिओनं केलं होतं आणि चांगलं केलं होतं. रिमास्टर कमी खर्चात, लवकर होतं, म्हणून अडचणीतल्या कंपनीला ते परवडतं. नवा, मोठा गेम करणारी माणसं मात्र तोवर घरी बसलेली असतात.

माणसांचं हे असं सगळीकडे आहे. व्हायकेरियस व्हिजन्स या स्टुडिओनं २०१७ मध्ये क्रॅशचे पहिले तीन भाग नव्यानं घडवले, २०२० मध्ये 'टोनी हॉक' या स्केटबोर्डच्या गेमचे पहिले दोन. दोन्ही तुफान चालले. बक्षीस काय? पुढच्याच वर्षी अ‍ॅक्टिव्हिजननं त्यांना ब्लिझार्डच्या दावणीला बांधलं आणि २०२२ मध्ये स्टुडिओचं नावही पुसलं. 'टोनी हॉक'च्या तिसऱ्या-चौथ्या भागाचा बेत तेव्हा गुंडाळला गेला. ते भाग २०२५ मध्ये आले, पण दुसऱ्याच स्टुडिओच्या हातून. उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये जपानचा टँगो गेमवर्क्स बंद करायचं ठरवलं, 'हाय-फाय रश'सारखा वाखाणलेला गेम देऊनही. त्याच ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टननं टँगोची टीम आणि 'हाय-फाय रश'चे हक्क, दोन्ही घेतले. नाव आणि माणसं एकत्र उचलणारा सौदा असला की मला जरा बरं वाटतं.

ज्यांचा वालीच सापडत नाही ते गेम

'सिस्टम शॉक २' हा १९९९ चा गेम. बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला. २०१२ च्या सुमारास स्टीफन किक नावाच्या गेम कलाकाराला प्रवासात तो खेळावासा वाटला. त्याच्या लॅपटॉपवर चालेना, विकत कुठं मिळेना. हक्क कुणाकडे आहेत याचा माग काढत तो पोचला एका विमा कंपनीपाशी! स्टुडिओ बुडाला तेव्हा हक्क तिच्याकडे गेले होते आणि तिथंच पडून होते. किकनं परवानगी मिळवली, नाइटडाइव्ह ही कंपनी काढली आणि २०१३ मध्ये गेम पुन्हा विकायला आणला. मग १९९४ च्या पहिल्या भागाचा रिमेक हाती घेतला. २०१६ मध्ये चाहत्यांकडून तेरा लाख डॉलरच्या वर वर्गणी जमली, मध्येच काम भरकटलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि गेम आला तो मे २०२३ मध्ये. त्याच वर्षी नाइटडाइव्हलाच अटारी या जुन्या नावाच्या गेम कंपनीनं विकत घेतलं. ही अटारीसुद्धा मूळची नव्हे, बरं का. ते नाव वॉर्नर, ट्रॅमिएल, हॅस्ब्रो, इन्फोग्रामेस अशा अनेक हातांतून फिरून आलेलं आहे.

'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर' या गेमसाठी याच नाइटडाइव्हनं खूप खटपट केली. हक्काचे धागे तीन मोठ्या कंपन्यांपर्यंत जात होते. कुणाकडे नेमकं किती आहे, हे शोधण्यासाठी जुने करार उपसायचा खर्च त्यांना परवडण्यासारखा वाटत नव्हता. शेवटी नाइटडाइव्हनं नाद सोडला. अमेरिकी कायद्यात कंपनीच्या नावावरच्या कलाकृतीचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षं टिकतो, तेव्हा २००० सालचा हा गेम आपोआप मोकळा व्हायची वाट बघणं आपल्या पिढीच्या आवाक्यातलं नाही.

हे सगळं दूर कुठंतरी चालतं असं समजू नका. सोलापुरातून हुतात्मा एक्सप्रेसनं चार-पाच तासांत पोचता येतं त्या पुण्यात 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक बनत होता. २००३ च्या गेमचं हे काम युबिसॉफ्टनं आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना दिलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केलं. पहिली झलक बघून लोकांनी चित्रांना नावं ठेवली, तारीख पुढं पुढं गेली, आणि मे २०२२ मध्ये काम युबिसॉफ्टच्याच कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओला हलवलं. आपल्याकडची मुलं कमी पडली, असं तेव्हा सरळ बोललं गेलं. मला ते पटत नाही. इतक्या लाडक्या गेमचा रिमेक ही नव्या टीमला शिकण्यासाठी देण्याची गोष्टच नव्हे.

आता भारतीय कंपन्याही खरेदीला उतरल्या आहेत. मुंबईच्या नझारानं २०२४ मध्ये ब्रिटनचा फ्यूजबॉक्स घेतला आणि २०२५ मध्ये कर्व्ह गेम्स. त्याच सुमारास झेप्टोलॅबचे दोन मोबाइल गेम तिनं घेतले, स्टुडिओ न घेता, नुसते गेम. पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा 'रिअल क्रिकेट' तर तुमच्यापैकी कित्येकांच्या फोनमध्ये असेल. तो स्टुडिओ आधी पुण्याच्याच जेटसिंथेसिसकडे गेला, आणि २०२५ मध्ये क्राफ्टननं सुमारे ११८ कोटी रुपयांत त्यातला मोठा वाटा घेतला. मालक बदलला म्हणून फोनमधला गेम एक दिवसही बंद पडला नाही, आणि रात्री सुपर ओव्हर खेळणाऱ्या बहुतेकांना व्यवहाराचा पत्ताही नसेल.